डोळ्यातला लोखंडाचा कण

मद्रास, १२ जुलै १९९३

ती. आईस,
इथूनच तुझ्या पाया पडते.

बाबा नीट जेवतात, रसम तर मागून घेतात. तोल मात्र अजून जातो, म्हणून उद्या मेंदूचा एमआरआय आहे.

ते मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबकच. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर तो हलून डोळा जाऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा चटकन "कधीच गेला नाही" म्हणाले. इतक्या लांबून परत पाठवतील, ही भीती. मीच खरं सांगितलं. आता आधी डोळ्याचा एक्स-रे काढणार. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? पाण्याचे हंडे उचलू नकोस.

पत्र पोचेल तोवर सगळं झालेलं असेल, तरी विचारते. त्या संध्याकाळी बाबा कारखान्यातून डोळा धरून आले आणि तू पदराच्या टोकाने कण काढलास. तो अख्खा निघाला होता ना गं?

तुझी,
वृंदा