तांबू रवंथ करेपर्यंत

शुक्र., १७ ऑक्टोबर. सायं. ५.४०.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या वेळी राखीव रानाचं फाटक उघडलं गेलं. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण फिलू पलीकडे तळ्याशी गुरं बघत होतो, शुक्रवारची आमची पाळी. पाऊस सरला की इथलं गवत कमरेला लागतं, वाळलं की पेटतं, म्हणून रानाच्या ऑफिसनेच गावची गुरं चरायला घेतलीत. ती लंगडत नाहीत ना, प्लास्टिक चघळत नाहीत ना, हे बघायला आम्ही रिकामटेकडी निवृत्त मंडळी. फुकट.

परत येतो तर फाटकात नव्या टॉवरच्या बायका, जरीच्या साड्या, ताटं. वसुबारस! मधोमध तांबू. गाभण, म्हणून सगळा मान तिला. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, इथवर ठीक. पण पातेलंभर भात? बुंदीचे लाडू? प्रत्येकीला आपल्याच हातचं गाईने खाल्लेलं हवं, वर त्याचा फोटो. ‘गुरांना खाऊ घालू नये’ या पाटीवरसुद्धा झेंडूची माळ!

राखणदाराला विचारलं, कुलूप कधी, कोणी काढलं?
“पाच चाळीसला. साहेब बोलले, उघड.”
कोणते साहेब विचारलं, तर किल्ल्या घेऊन चालू लागला.

शनि., १८.
सकाळीच काशीबायचा फोन. तांबू तिची. “बाय, उठत नाय ती. पानी पन नको तिला.”
फिलूला घेऊन रिक्षाने गेले. कळंबच्या रस्त्याला गोठा. तांबूची डावी कूस ढोलासारखी. रवंथ बंद. तुळिंजहून गुरांचे डॉक्टर आले, नळी घातली, औषध पाजलं. म्हणाले, भात-लाडवांनी पोट फुगलंय, रवंथ सुरू झालं तर वाचली. वासराचं आताच सांगता येत नाही.
काशीबाय पदराने तिच्या डोळ्यांवरच्या माश्या वारत बसली होती. रडली नाही. मी मात्र... असो.

रवि., १९.
फिलू चर्चमधल्या मिसाहून थेट गोठ्यात, रविवारच्या चांगल्या कपड्यांत. शेणात बसली. तांबूच्या कुशीवर हात, हातात रोझरी.
मी: “तिला कळते का तुझी प्रार्थना?”
“तुझ्या शिव्या कळतात ना? मग ही पण कळेल.”
कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर. वर्गात आवळा चघळला म्हणून सिस्टरने दोघींना त्याच बाकावर उभं केलं होतं. आज दोघी एका तोंडाकडे टक लावून. चघळ गं बाई, एकदा तरी चघळ.

संध्याकाळी टॉवरमधली सोनाली आली. पातेलंभर भात तिचा. माझी जीभ तयारच होती. “आज काय आणलंत? बासुंदी?”
तिने रिकामे हात दाखवले. “काकू, मी काय करू, सांगा.”
“पाणी आणा.”
आणलं. बादलीमागून बादली, दिवाळीसाठी रंगवलेल्या नखांनी. शेवटी भीत भीत तांबूच्या कपाळाला हात लावला. नंतर बराच वेळ तो काढेना.

मंगळ., २१.
लक्ष्मीपूजन. पणत्या लावतच होते, तर फोन. “बाय, तोंड हालवते! या लवकर!”
होते तशी निघाले. फिलू माझ्याआधी पोचलेली. सोनालीही. तांबू पाय दुमडून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, जबडा आपला सावकाश इकडून तिकडे. फिलूने चष्मा पुसला, परत पुसला. सोनालीने पिशवीतून डबा काढला. मी नुसतं बघितलं.
“चकल्या आहेत काकू. माणसांसाठी.”
काशीबाय आधी हसली, मग रडली.

शुक्र., २४.
तांबू थोडं गवत खाते. वासरू हलल्यासारखं वाटतं, पण खात्री व्यायल्यावरच, डॉक्टर म्हणतात. काशीबाय उठता-बसता तिच्या पोटावर हात ठेवते.

ऑफिसला फोन केला. “गाय वाचली ना, बाई? मग संपवा विषय. आणि आता गुरांना आत सोडणंच बंद करतोय. कटकटच नको.”
वा! कुलूप काढणारा मोकळा, आणि तांबूला फाटक बंद. भरल्या दिवसांत तिने चरायचं कुठे? हायवेला? कचऱ्यावर?

पत्र लिहिलं. फिलूने सही केली. सोनालीनेही केली, आणि कोणी न सांगता खाली लिहिलं: ‘भात माझा होता.’ त्या ऑफिसात एवढं लिहिण्याची हिंमत एकाची तरी आहे का?

शनि., २५.
पत्र हातोहात देऊन पोच घेतली. शेवट इथे उतरवून ठेवते:

‘१७ तारखेला सायंकाळी ५.४० वाजता कुलूप कोणाच्या परवानगीने उघडलं? त्याची शिक्षा तांबूला का? काशीबाय म्हणते, ती आता केव्हाही व्याईल. वासरू उभं राहील तेव्हा त्याला आईमागोमाग त्या फाटकातून आत जाता आलं पाहिजे. फोन नको. सोमवार, ३ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४० च्या आत लेखी उत्तर द्यावे.’