तुकडे तुम्हाला, रस्सा आम्हाला

आबा,

तुमचं लाडकं वाक्य मला गेल्या हिवाळ्यात व्हिटबीच्या एका दवाखान्यात भेटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मूर्खपणाला मरण नसतं हेच खरं. मी इथे परदेशात एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. माझ्याबरोबर एक फिलिपिनो बाई असते. तिची लेक तिकडे आजीपाशी वाढली आणि कागदपत्रं होऊन नुकतीच इकडे आली. दहा वर्षांची पोर, दिसायला पहिलीतली. अन्नाला चव लागत नाही म्हणायची, पोट सारखं बिघडलेलं, आणि गुडघ्यावरची जखम महिना झाला तरी ओली ती ओलीच. आई घाबरली होती, म्हणून मी सोबत गेले. खिडकीत इथल्या देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाचे कागदी झेंडे अजून लटकत होते. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोरीकडे धड पाहिलंही नाही. "फिलिपिनोज आर स्मॉल पीपल. इट्स जेनेटिक. डोन्ट वरी." ती बाई ओशाळून हसली आणि "थँक्यू डॉक्टर" म्हणाली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण तिथे तुम्हीच बसला होतात. तालुक्याचे सरकारी डॉक्टर तुम्ही. अंगणवाडीतल्या पोरांना भिंतीला उभं करून उंची मोजायचात आणि त्यांच्या आयांना सुनवायचात, "बाई, तुमचं बीजच खुरटं. त्याला माझ्याकडे औषध नाही." बाया मान खाली घालून पोरं काखोटीला मारून निघून जायच्या. मी आणि ताई बुटक्या, शाळेच्या रांगेत कायम पुढे, तर तुमच्या मते आम्ही आईवर गेलो होतो. दादा ताडमाड, तो अर्थातच तुमच्यावर. काय पण अक्कल! एका घरात, एका चुलीवर शिजलेलं अन्न, आणि तरी डॉक्टरसाहेबांना ताटात डोकवावंसं वाटलं नाही.

आपल्या घरातला रविवार आहे. तुम्ही आणि दादा आधी बसला आहात. आई पळी पातेल्याच्या तळाशी घालून मटणाचे तुकडे तुमच्या ताटात वाढते, नळी दादाला. मग आम्ही तिघी बसतो, उरलेला रस्सा भातावर घेऊन. सातवीत असताना एकदा मी पातेल्यातून एक तुकडा उचलला. तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "मुलीच्या जातीला जिभेचे चोचले बरे नव्हेत." आईनं तो माझ्या हातातून घेतला आणि दादाला रात्रीसाठी झाकून ठेवला. त्याच संध्याकाळी तुम्ही महिला मंडळात सकस आहारावर भाषण ठोकून आलात, गळ्यात हार घालून. मला तुमची तेव्हा भीती वाटायची. आता किळस येते.

मी त्या मायलेकींना दुसरीकडे नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "बॅक होम ती रोज काय खायची?"

"राइस, मॅम. राइस अँड सबाऊ." सबाऊ म्हणजे त्यांच्याकडचा रस्सा, भातावर ओततात.

"अँड द फिश? द मीट?"

बाई अडखळली. "दॅट इज फॉर माय फादर, माय ब्रदर्स. दे वर्क, नो?"

रक्त तपासलं, तर पोरीच्या अंगात झिंक फारच कमी निघालं. डॉक्टर म्हणाली, तिकडे असंख्य मुलांचं असंच होतं, त्यांच्या सरकारलाही ही काळजी आहे. रोज नुसता भात, मासे-मांस नावाला. मग मुलं खुरटतात, जखमा भरत नाहीत, जुलाब पाठ सोडत नाहीत, आणि लोक म्हणतात, ही माणसंच बुटकी. एवढा साधा प्रश्न होता, आबा. तुम्ही तो जन्मात कुणाला विचारला नाहीत, कारण उत्तर तुमच्याच ताटात होतं.

गोळ्या सुरू झाल्या, अंडी-मांस सुरू झालं. बर्फ वितळेपर्यंत गुडघा भरला. पोर आता आमच्याकडे आली की दारातूनच "आंटी, आय ॲम हंग्री" ओरडते, आणि तिची आई डोळे पुसते. उंचीचं मात्र डॉक्टर काही कबूल करत नाही. गेलेली वर्षं कदाचित भरून निघणार नाहीत, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमचा पत्ता असता तरी तुमच्यावर तिकीट वाया घालवलं नसतं. फक्त एक राहिलं. काल रविवार होता, मी मटण केलं. लेकीला वाढलं, नवऱ्याला वाढलं. जेवता जेवता तो म्हणाला, "अगं, तुझ्या ताटात एकही तुकडा नाही?"

खरंच नव्हता. पातेल्यात भरपूर होते, आणि मी रस्साच घेतला होता.