निजलेल्या बोरींना पाणी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायचाही कंटाळा येतो. तरी आज लिहायला बसले. हे कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तर सुचेल तसं लिहिता येतंय. मागच्या आठवड्यात एका लग्नाला साक्रीला जाऊन आले आणि तेव्हापासून आपलं ते दोन खोल्यांचं भाड्याचं घर डोक्यातून जात नाही. पुढची खोली नावाला आपली, खरी ती तुमच्या शेतकी खात्याची. नव्वदीची सुरुवात होती, फळबागेची योजना नवी नवी आली होती. खड्डे खणायच्या मजुरीपासून कलमांपर्यंत सगळं सरकार देणार, फक्त अर्ज करायचा. तो 'फक्त' किती लांबलचक असतो ते आपल्या घराला माहीत. सातबारा, आठ-अ, नकाशा, तलाठ्याचा दाखला. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून माणसं यायची, पिशवीत भाजीच्या जुडीखाली कागद दबलेले. ऑफिसात साहेब जागेवर नसायचे, पण कृषी सहायक म्हणजे तुम्ही, घरी सापडायचात. आई चहाचं आधण उतरवतच नसे.

अक्का त्यातलीच एक. नवरा गेलेला, खडकाळ रानाचा एक तुकडा तिच्या नावावर, आणि तो आपल्याच गुरांना चरायला राहावा म्हणून टपलेला दीर. बाईमाणूस काय झाडं जगवणार, असं तो गावभर सांगत फिरायचा. तिला बोरी लावायच्या होत्या. पहिल्यांदा ती आठ-अ विसरून आली, दुसऱ्यांदा तलाठ्याचा शिक्का नसलेला दाखला घेऊन. तिसऱ्यांदा दारात दिसली तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, "आली परत." मी अकरावीला होते, घरातल्या गर्दीला विटले होते. तुम्ही ऐकलंत. आत आलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "दोन बस बदलून आलीय ती. तांब्याभर पाणी नेऊन दे, आणि जिभेला जरा लगाम घाल." माझे कान लाल झाले होते. राग आला होता, पण त्या रागाखाली तुमचा अभिमानही वाटला होता. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. तिचा अर्ज तुम्ही त्याच्या कितीतरी आधी मंजूर करून आणलात.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला लूनावर मागे बसवून तिच्या रानात नेलंत. मला तर सगळ्या वाळलेल्या काड्याच दिसल्या. तुम्ही उकिडवे बसलात, अंगठ्याच्या नखानं एका काडीची साल खरवडलीत, आत ओलं हिरवं निघालं. "उन्हाळ्यात बोर पानं टाकते आणि निजते," तुम्ही मला सांगत होतात, पण ऐकत होती अक्का. "पाऊस पडला की आपणहून उठते. तोवर तिला निजू द्यायचं." अक्का मान हलवते. मग पदराची गाठ सोडून मला भाजलेल्या शेंगा देते, मूठभर, अजून गरम. त्या शेंगांची चव तोंडात अजून आहे आणि त्याचा मला आता त्रासच होतो.

दुसऱ्या वर्षाचं अनुदान झाडं जिवंत दिसली तरच मिळायचं. ती तपासणी साहेबांनी येऊन करायची, आणि कुठल्या शहाण्यानं ठरवलं होतं कोण जाणे, ती यायची नेमकी उन्हाळ्यात. साहेब आपल्या पुढच्या खोलीत चहा पीत तुम्हाला काय म्हणाले ते मी दाराआडून ऐकलंय. तुम्ही साल खरवडून दाखवण्याचं बोलत होतात. ते हसले. "अहो, बोर उन्हाळ्यात झडते हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या वरच्यांना फोटो लागतो. काडीचा फोटो पाठवून मी काय सांगू? पान दाखवा." शेजारच्या गावातल्या काड्या त्यांनी आधीच 'मृत' लिहून टाकल्या होत्या. त्या बाजाराला अक्का आली तेव्हा तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "अक्का, बोरींना पाणी द्यायला लागा."

"आते?" ती म्हणाली. "आते त झोपेल शेतस ना, भाऊ. तुम्हीच त सांगेल व्हतं."

"साहेब एकदा येऊन जाऊ द्या. मग निजू देत."

तिनं दिलं पाणी. भाऊंनी सांगितलं म्हणजे संपलं. सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून हंडे. बोरींना पालवी फुटली, आणि सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं म्हणून गावच्या शेळ्या तिकडेच वळायला लागल्या, तर तिनं एकटीनं काट्यांचं कुंपण घातलं. साहेब पाडव्यानंतर येणार होते. मग जीप नव्हती. मग जिल्ह्याला मीटिंग होती. आखाजीच्या सणाला तिच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या, झोक्यावर बसायचं सोडून त्याही हंडे वाहत होत्या, असं तीच आईला सांगत होती. आखाजीनंतर विहिरीनं तळ दाखवला. निजलेल्या झाडाला पाणी लागत नाही, पण जागं केलेल्या झाडाला रोज लागतं, आणि वैशाखाचं ऊन कोवळ्या पानाला कधी सोडत नाही. साहेब आले ते मिरगाच्या तोंडावर. तोवर सगळं करपलं होतं, आणि या खेपेला साल खरवडली तर आतही वाळलेलंच निघत होतं. साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत.

अहवालात झाडं का मेली याचा रकाना होता. त्यात तुम्ही 'पाण्याअभावी' असं लिहिलंत. त्या दिवशी तुम्ही जेवताना आईला हे सांगितलंत, आणि सांगायची गरज नसताना वर म्हणालात, "खोटं नाही लिहिलं मी." आई भाकरी थापत होती. "खरंही नाही लिहिलं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. 'पाणी मी द्यायला लावलं' असं तुम्ही लिहिलं असतंत तर तुम्हाला मेमो मिळाला असता. पर्यवेक्षकाच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव होतं, आणि पुढच्या वर्षी मला धुळ्याला कॉलेजात घालायचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आबा. कुणाला बोल लावणार होते मी?

पावसाळा सुरू झाल्यावर अक्का आली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हता. ती भांडेल अशी तुमची अपेक्षा होती, मला दिसत होतं, तुम्ही खुर्चीत सरसावून बसला होतात. ती खाली बसली, पायांची बोटं चोळत राहिली. "झाडं झोपेल व्हतात, भाऊ," ती म्हणाली. "तुम्हीन त्यासले उठाडं." मग ती म्हणाली, "पैसा जाऊ द्या. पन गावमा दीर सांगी ऱ्हायना, इन्ही पानीच नही दिधं. कागदवर बी तेच शे म्हने. साहेबले एकदाव सांगा ना, पानी दिधं व्हतं मी." तुम्ही म्हणालात, "सांगतो, अक्का." तुम्ही ते इतक्या मायेनं म्हणालात की माझा विश्वास बसला. आईनं तिला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, ती जेवली, ताट स्वतः धुतलं आणि बसला गेली.

बढतीचा हुकूम आला की सांगाल, असं मला वाटत होतं. हुकूम आला, त्याच्याबरोबर बोदवडची बदलीही आली, आणि आपण सामान बांधलं. टेम्पो साक्रीच्या फाट्यावरून वळला तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही दोरी नीट बांधली आहे का ते बघत होतात. बोदवडला तुम्ही वेगळेच झालात. कुणी घरी आलं की ऑफिसात या म्हणायचात. कुणी काही विचारलं तर "अर्जात लिहिलंय तेवढं करा," एवढंच. पुढच्या खोलीत पहिल्यांदाच आपल्याला पाय पसरून बसायला जागा झाली, आणि आई म्हणायची, घर ओसाड वाटतं. तुम्ही निवृत्तीच्या आधीच गेलात. खात्यातली माणसं आली होती, साधा-सरळ माणूस म्हणाली. मी मान हलवत होते. मी तेव्हा तुमच्यावर रागावले नव्हते, आजही धड रागावता येत नाही, आणि याचाच मला फार शीण आलाय.

तर मागच्या आठवड्यातलं लग्न. जेवून उठले, हात धुतला, तोच मागून एका म्हातारीनं माझं मनगट धरलं. "तू शेतकीवाला भाऊनी पोर ना?" मी ओळखलं नाही, मग ओळखलं. दात गेलेत, पाठ वाकली आहे, आवाज तोच. शेजारी तिची जाऊ बसली होती, त्या दिराची बायको, तीही तेवढीच थकलेली. अक्कानं तुमची चौकशी केली, तुम्ही गेल्याचं कळल्यावर हळहळली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. मी निघणार तेवढ्यात तिनं मनगट पुन्हा धरलं. "तुना आबानी सांगं व्हतं ना साहेबले? पानी दिधं व्हतं मी म्हनीसन?"

मी म्हणाले, "हो अक्का. सांगितलं होतं."

ती जावेकडे वळली. "आयकं?" म्हणाली. "इतला वरीस तुम्ही बठ्ठा मालेच खोटं पाडेत." जावेनं नुसता पदर सारखा केला. अक्का पुन्हा माझ्याकडे बघून हसली, तोंडभर.

आबा, हे मी तुमची लाज राखायला केलं असं समजू नका. तिला बरं वाटावं म्हणून केलं, असंही म्हणायला जीभ रेटत नाही. माझी धुळ्याची बस चुकत होती, आणि नाही म्हटलं असतं तर मला तिच्याजवळ खाली बसावं लागलं असतं.