घुम्याचे रीळ, खऱ्या वेगात

हे वाचायला बसलेल्या सर्वांची आधी खुशाली विचारतो, मग देण्याघेण्याचे बोलू. हिचा गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच चढते ना? थोरले, तुझी पाठ? वह्या टेबलावर तपासत जा, पलंगावर वाकून नको. जावईबापूंचा खोकला थांबला असावा. ते सांगत नसत, पण भिंतीपलीकडून ऐकू यायचा. आणि घुम्या, तुझे कान कसे आहेत? तुला शेवटी विचारले, कारण हे विचारायला मला तोंड नाही. का नाही, ते कलम पाचमध्ये येईल.

तर मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती, आता बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हिला तो दाखला पटलेला नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव हिच्या हयातीत हिची, पुढे थोरलीची. यात मी उदार झालो असे कोणी समजू नये. घर हिनेच उभे केले, मी फक्त वायरिंग केले.

कलम २. दुकानाचा गाळा थोरलीला. विकावा की भाड्याने द्यावा, तिचे तिने पाहावे. अट एकच: मागच्या खोलीत घुम्या बसायचा असे सांगून गिऱ्हाईक गाठू नये. गिऱ्हाईक मिळेल, म्हणूनच सांगतो.

घुम्या म्हणजे माझा जोडीदार, लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात आणि संध्याकाळी माझ्या दुकानात. बोलायचा नाही म्हणून घुम्या. मी थांबायचो नाही म्हणून त्याने माझे नाव रेडिओ ठेवले. दोन वर्षांपूर्वी एक परदेशी जोडपे घुम्याच्या संगीतापायी इंटरनेटवर पत्ता शोधून दुकानात आले. घुम्याच्या टेबलाचे फोटो काढले, टेबलावरून हात फिरवला, त्या बाईंचे तर डोळे भरून आले. मग अगदी गोड आवाजात मला विचारले, "तुम्ही त्यांचे मदतनीस होतात का?" मी हो म्हणालो. त्या दिवशी जेवण गेले नाही. ही म्हणाली, "अहो, मग सांगायचं होतंत की टेबल माझं, यंत्र माझं!" सांगणार काय? संगीत त्याचे होते ना.

कलम ३. सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि सुट्या भागांचे डबे शेजारच्या कुलूपवाल्यांना द्यायचे मनात होते, पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. म्हणून त्यांच्या सुनेला. ती तशीही त्यांच्यापेक्षा हुशार आहे.

कलम ४. माझ्या संगीताची मूळ रिळे, नग सात, थोरलीला. याला थोडे मागचे सांगावे लागेल.

आम्ही दोघे यंत्रांचे संगीत करायचो. गाणारा नाही, वाजवणारा नाही. विजेच्या गुणगुणण्यातून स्वर काढायचे, टेपवर धरायचे, त्यावरून एकेक कॅसेट भरायची आणि चाळीसेक ऐकणाऱ्यांना टपालाने पाठवायची. ते उलट पत्र लिहायचे. कोणी चार पाने, कोणी नुसतेच "डोके दुखले." ते चाळीस जण म्हणजे माझे सगळे जग. मग कोणीतरी घुम्याची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घालून इंटरनेटवर सोडून दिली. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, फुकट. सगळ्यांचेच संगीत तसे मिळू लागले. वर्षभरात आमची टपालपेटी रिकामी राहू लागली. आमच्यासारखे आणखी दोघे होते, त्यांनी यंत्रे भंगारात घातली.

मी तणतणत घुम्याकडे गेलो. तो खड्ड्यात उतरला होता.

"अरे, लुटलं तुला!"

"ऐकतायत ना?"

"फुकट ऐकतायत!"

"ऐकतायत ना पण?"

"आणि उद्या माझी नेली म्हणजे?"

"नेली तर बरंच. तो पाना दे, रेडिओ, आणि जरा बंद हो."

मी कसला बंद होतो! चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चीजेच्या मधोमध माझा आवाज भरायचे ठरवले: "ही फीत खासगी आहे, नक्कल करू नये." शहाणा माणूस हे कॅसेटवर भरतो. मला एकेका कॅसेटवर तेच तेच बोलायचा कंटाळा आला, म्हणून मी ते सरळ मूळ रिळांवर भरले. सातही. खालचे संगीत पुसून. लोकांची पुसलेली टेप पाहून ज्याने आयुष्यभर हळहळ केली, त्याने स्वतःच्या हाताने. त्यानंतर माझी एकही चीज कोणी चोरली नाही. वीस वर्षे झाली, अजून चोरली नाही.

नाही म्हणायला, चार वर्षांपूर्वी थोरली धावत आली, "बाबा, तुम्ही इंटरनेटवर आहात!" नाचाच्या एका ठेक्यात कोणीतरी माझा आवाज लावला होता. "नक्कल करू नये, नक्कल करू नये", नुसता धिंगाणा. खाली लिहिले होते, आवाज बहुधा घुम्याचा. घुम्याचा! सगळे घर हसले. मीही हसलो, आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

थोरलीने सातही रिळे आहेत तशी इंटरनेटवर सोडावीत. मधला माझा आवाज कापू नये. ज्याला न्यायची त्याने न्यावीत. कोणीतरी न्यावीत, एवढेच.

~~कलम ५. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातले रीळ घुम्याचे आहे. ते माझ्या पश्चात त्याला परत द्यावे.~~

वरचे कलम मी खोडले आहे. बाजूला माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. का खोडले ते लिहितो.

घुम्या पुतण्याकडे राहायला गेला, तेव्हा हे रीळ माझ्याकडे ठेवून गेला. अकरा मिनिटांची एकच चीज. जगभर जी फिरते ती हीच, पण कॅसेटवरून उतरवलेली, आणि उतरवणाऱ्याच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल होता. त्यामुळे ती संथ वाजते आणि स्वर खाली येतात. लोक त्याला खोल म्हणतात, त्यावर लेख लिहितात. तो पट्टा आहे. मला पहिल्याच दिवशी कळले, पण मी कोणाला सांगितले नाही. मनात म्हटले, ऐका, बिघडलेलेच ऐका.

मूळ रीळ मी वर्षातून एकदा, घरी कोणी नसताना लावतो. मधे त्याने एक स्वर चार मिनिटे नुसता धरून ठेवला आहे. मी असतो तर दोनदा तरी बदलला असता. दर वर्षी वाटते, आता कंटाळा येईल, आणि येत नाही. तेव्हा पोटात जे दुखते त्याला औषध नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याचे पत्र आले. "डावा कान गेला. उजवा वर्षभर टिकेल म्हणतात. माझे रीळ तुझ्याकडे आहे का? एकदा खऱ्या वेगात ऐकायचे आहे." पत्र वाचले तेव्हा रीळ माझ्यापासून चार हातांवर होते. मी उत्तर लिहिले, "शोधले. सापडले नाही. तब्येतीला जप."

काल हा मसुदा थोरलीला शुद्धलेखन तपासायला दिला. ती वाचता वाचता थांबली.

"बाबा, रीळ आहे?"

"आहे."

"आणि काकांना तुम्ही नाही म्हणून कळवलंत?"

"आता देतोय ना. लिहिलंय की."

"तुमच्या पश्चात. तोवर त्यांना ऐकू येणार आहे का?"

आतून ही म्हणाली, "अहो, तुम्हाला मरायची घाई नाही आणि त्याच्या कानांना थांबायला सवड नाही. मोठं मन दाखवलंत हो!"

मला राग आला. मग लक्षात आले की मी कलम असेच लिहिले होते, देणेही व्हावे आणि त्याच्या कानीही पडू नये. हे मी मुद्दाम केले का? डोके ठिकाणावर आहे, तेव्हा हो म्हणावे लागेल.

म्हणून नवे कलम ५. घुम्याचे रीळ या मृत्युपत्रातून वगळले आहे, कारण ते माझे नाही आणि उद्यापासून माझ्या घरातही नसेल. थोरली ते घेऊन पहाटेच्या गाडीने निघेल. सोबत माझा चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर देत आहे. पट्टा नवा घातला आहे, वेग दोनदा तपासला आहे. पुढे ते इंटरनेटवर द्यायचे की नाही, हे घुम्याने ठरवावे. तो देईल. त्याचे नाव आणखी होईल. माझा जळफळाट मला माहीत आहे; तो कोणाच्या वाट्याला देत नाही, माझ्याबरोबर जाईल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खाली नमूद केलेल्या दोघांसमोर सही करीत आहे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: शेजारचे कुलूपवाले. सही केली, आणि सुनेबद्दलचे वाक्य गाळावे असा आग्रह धरला. गाळलेले नाही.
साक्षीदार २: थोरलीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. सही केली.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ७ मार्च २०२६, शनिवार

घुम्या, या कागदाची एक प्रत थोरलीजवळ तुझ्यासाठी दिली आहे. मी खोटे बोललो ते तुला यातून कळावे, तिच्या तोंडून नको. आधी रीळ ऐक, उजवा कान लावून, मग हे वाच. आणि तो चार मिनिटांचा स्वर तू बदलला का नाहीस, ते मला लिही. एरवी तू तीन ओळींवर जात नाहीस, या वेळी पानभर लिही. मी वाट पाहतो आहे, लवकर लिही.