सात नंबरला जास्त पेंड घालू नको

डेल,

मी शहरातल्या हॉस्पिटलात चाललेय. न्यायला बहीण आलीय. तीन-चार दिवस तरी लागतील. तू लांब कुंपणाशी होतास, हाका मारून माझा घसा बसला.

कालवडींना सकाळी गवत आणि मोजकीच पेंड घाल. सात नंबर कितीही हंबरली तरी विरघळू नको. आत्ता चरबी चढली तर पुढे कासेत दूध कमी, हे तूच मला शिकवलंस. "हिवाळ्यात हात आखडता ठेव, वसंतात हिरवं गवत मिळालं की सगळं भरून काढतात," हेही तुझंच. सोमवारी त्यांची वजनं करायचीत. काट्यावर बर्फ साचलाय, तो आधी झाड.

सूप फ्रीजमध्ये आहे. गरम करून खा, थंडच ओरपू नको.

आणि हो, परवा डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग झालं, तेव्हापासून बावीस पौंड उतरलेय मी. मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात आलं असेल. सात नंबरचं वजन दहा पौंड घटलं, तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.

मी तर रोज तुझ्यासमोरच जेवायला बसत होते.

आर्लिस