विटेचं माप

वेरिबी, ९ ऑगस्ट २०२०

ती. स्व. माधवमामा यांस,
सा. न. वि. वि.

इथून परदेशी टपाल बंद आहे, म्हणून पत्राचा फोटो पाठवतो. शाळा बंद असल्याने तुम्ही मुलांच्या घरोघरी हाताने लिहिलेले पाठ वाटता, आणि सिंधू संस्कृतीचा पाठ मी लिहावा म्हणता. माझा डिप्लोमा अर्धाच राहिला, हे तुम्ही विसरलात बहुतेक. तरी लिहिला आहे. सरळ रस्ते, विहिरी, झाकलेली गटारं, आणि विटा एकाच प्रमाणातल्या: उंची एक, रुंदी दोन, लांबी चार. प्रत्येक शब्द दोनदा तपासला, 'स्नानगृह' तीनदा.

खोलीत सोबत राहणारी मुलं मार्चमध्येच गावी गेली. मी मजेत आहे.

मामीला नमस्कार. आठवण काढत जा.

आपला,
श्रीनाथ

श्रीरामपूर, १४ ऑगस्ट २०२०

चि. श्रीनाथ यास,
अ. उ. आ.

पाठात एकही चूक नाही आणि एकही माणूस नाही. विटेचं माप दिलंस, पण वीट पाडणारा कुठे गेला? सातवीतल्या अंजूला आधी वाचायला दिला, तर तिने विचारलं, सर, हे गाव रिकामंच होतं का. तुझी मामी म्हणते, पोरगा तिकडे कोणाशी बोलत नसणार. मी म्हणालो, मजेत आहे असं लिहिलंय त्याने. ती म्हणाली, तेवढंच लिहिलंय.

पाठ २९ तारखेला वाटायचा आहे. माणसं घाल, नाहीतर मी तो वाटणार नाही.

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
माधवमामा

वेरिबी, २६ ऑगस्ट २०२०

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीने बरोबर ओळखलं. गोदामातली नोकरी जुलैतच सुटली. गेल्या बावीस दिवसांत मी फक्त दुकानातल्या बाईंना 'नो वरीज' म्हणालो होतो. पाठात माणसं घालायला बसलो, तर एकही सुचेना.

रोज एक तास फिरायला परवानगी आहे, घरी पाहुणा बोलावला तर दंड. काल टेप घेऊन निघालो, इथली वीट तरी मोजावी म्हणून. तोंडाला मास्क, अंगात गोदामातलं पिवळं जॅकेट. कोपऱ्यावरच्या भिंतीला टेप लावून वहीत आकडे टिपत होतो, तर खिडकीतून एक गृहस्थ इंग्रजीत शपथेवर सांगू लागले, की घरात आम्ही दोघंच, पाहुणा कोणी नाही, आवाज टीव्हीचा आहे. त्यांना मी काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस वाटलो. घाबरून मी मराठीतच माफी मागितली. ते आत वळून बायकोला म्हणाले, की सुहासिनी, हा दंडवाला नाही, आपल्याकडचाच कोणी वेडा आहे.

ते उल्हासकाका, पुण्याचे इंजिनियर. इथली वीट पाठातल्या प्रमाणात बसत नाही, यावर खिडकीतूनच अर्धा तास वाद घातला. काकूंनी कुंपणावर थालीपिठांचा डबा ठेवला आणि मागे सरकल्या, मग मी पुढे झालो.

पाठात एक ओळ वाढवली आहे: कोणी दारापुढच्या गटाराचं झाकण उचललं, की शेजारी बाहेर येऊन विचारत असावा, काय शोधतोस. 'असावा' लिहिलं आहे, कारण त्यांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. पण विचारत असणार.

डबा परत द्यायला जायचं आहे, म्हणून इथेच थांबतो.

आपला,
श्रीनाथ