सात नंबरचं स्टॉपवॉच

प्रिय ताई,

तू गेल्यापासून आईने तुझ्या वह्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. मी फिजिक्सला प्रवेश घेतला तेव्हा तिने स्वतःच तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल काढून दिलं. म्हणाली, "यातूनच उतरव, सुटशील."

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं. माझं १०.२ आलं. पार्टनर हसला, "येड्या, आधी उत्तर लिही, मग रीडिंग भर. सगळे तेच करतात." मीही तसंच केलं.

घरी तुझं जर्नल उघडलं. तुझंही १०.२ होतं. त्यावर सरांचा लाल शेरा, "पुन्हा करा." तू पुन्हा केलंस, पुन्हा १०.२ लिहिलंस आणि खाली नोंद केलीस, "सात नंबरचं स्टॉपवॉच पाच मिनिटांत सहा सेकंद मागे पडतं."

मलाही तेच मिळालं होतं. इतकी वर्षं त्याच्यावर सगळ्यांचं ९.८ येत होतं, आणि तुला एकटीलाच ते घड्याळ तपासावंसं वाटलं!

मी माझ्या जर्नलमधलं ते खोटं पान फाडून खरी रीडिंग लिहिली. सरांनी ती वाचली. मग म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुला?"

तुझं नाव घेतलं असतं, तर तिथेच रडलो असतो.

तुझा,
धाकटा